चीज प्रेसच्या पलीकडची पेटी

शुक्रवार

उत्तर इंग्लंडातल्या लीड्सहून निघायला साडेसहा वाजले. मेअखेरच्या बँक हॉलिडेची सुट्टी, त्यामुळे स्किप्टनपर्यंत गाड्यांची रांगच रांग. सेटल मागे पडलं तसा रस्ता मोकळा झाला. दोन्ही अंगांना नुसते दगडावर दगड रचलेले बांध, मध्ये ना चुना ना सिमेंट, आणि त्यांच्या पलीकडे मेंढ्या. डिकीत चार जोड गमबूट, चार हेल्मेट, भाड्याने आणलेले ओव्हरसूट, गुडघ्याचे पॅड, एक दोर, चहाचा मोठा थर्मास आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा.

आम्ही चौघं. एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायची सवय इथल्या गणपतीच्या वर्गणीच्या यादीपासून लागली, ती सुटलीच नाही. कोल्हापूरकर नऊ वर्षं इथल्या गुहांमध्ये उतरतोय, त्यामुळे पुढारी तोच. नागपूरकर उंचापुरा, रुंद खांद्यांचा, आणि जिओकॅशिंगचं वेड त्याचं. तिसरी माझी आतेबहीण, ब्रॅडफर्डच्या इस्पितळात नर्स आहे. चौथी मी.

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली पेटी अक्षांश-रेखांशांवरून शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि पेटी होती तशी परत ठेवायची. अमेरिकी सरकार सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे. ती 2 मे 2000 रोजी काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ झाडीत एक बादली ठेवून तिचा पत्ता इंटरनेटवर दिला. तिथून हा खेळ जगभर गेला. प्रत्येक पेटीला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड. आमच्या पेटीचा पोचण्याचा आकडा पाच होता, म्हणजे खास सामानाशिवाय जाता न येणारी. कारण ती जमिनीखाली, लाँग चर्न गुहेत होती.

मी सह्याद्रीत वीस वर्षं भटकले आहे. पण आपल्याकडे गुहा म्हणजे खरं तर लेणी. कार्ले, भाजे, घारापुरी, सगळी माणसाने छिन्नीने कोरलेली. आपला बेसॉल्ट पाण्याला दाद देत नाही. इथला चुनखडक मात्र देतो. पावसाचं पाणी डोंगरावरच्या काळ्या दलदलीतून झिरपताना आंबट होतं, आणि चुनखडक लागला की त्यातल्या फटी विरघळवत खाली उतरतं. मैलोन्‌मैल भुयारं झाली ती अशी. नुसत्या पाण्याने केलेली गुहा मला एकदा आतून बघायची होती. पेटी हे निमित्त.

इंगल्टनच्या बंकहाउसमध्ये पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि अजून लख्ख उजेड होता. झोपताना छपरावर पावसाचे थेंब वाजायला लागले.

शनिवार

रात्रभर पाऊस. सकाळी थोडा उघडला म्हणून आधी रिबलहेडला गेलो, कारण पेटीचा पत्ता ज्या कोड्यातून काढायचा, त्याचा पहिला टप्पा तिथे होता. रेल्वेच्या पुलाच्या कमानी मोजायच्या आणि तो आकडा गणितात घालून गुहेच्या तोंडाचा पत्ता काढायचा. कमानी 24. हे कुठेही वाचायला मिळतं, पण नागपूरकरने आम्हाला वाऱ्यात उभं करून एकेक मोजायला लावली, आणि ते बरंच केलं. 32 मीटर उंचीचा तो पूल धुक्यातून तुकड्यातुकड्याने दिसत होता. 1870 च्या दशकात इथल्या दलदलीत मजुरांनी झोपड्यांच्या वस्त्या करून तो बांधला. अपघात आणि देवीची साथ यांत कितीतरी माणसं गेली, बायकामुलंसुद्धा. त्यातल्या अनेकांना जवळच्या चॅपल-ली-डेलच्या चर्चच्या आवारात पुरलं आहे. कमानी मोजून झाल्यावर बहीण म्हणाली, "ताई, आपण तिथे जाऊन येऊ." गेलो, पाच मिनिटं थांबलो, निघालो.

पत्ता निघाला आणि आम्ही सेलसाइडला आलो. जमीन खासगी आहे, त्यामुळे आधी शेतघरी सांगून, पैसे देऊन मग कुरणातून वर चढायचं. गुहेचं तोंड म्हणजे कुरणातला खड्डा, भोवती दगडी बांध. जवळ गेलो तर आवाज आधी आला. ओढा चहाच्या रंगाचा झाला होता, वर पिवळसर फेस, आणि ते सगळं पाणी गुहेच्या तोंडात धाडधाड शिरत होतं.

कोल्हापूरकर काठावर बसला. दोन मिनिटं पाण्याकडे बघत राहिला आणि उठला. "आज नाही."

नागपूरकर हिरमुसला. "अबे, पाऊस तर थांबून गेला ना!"

"हितं थांबलाय. वर डोंगरात पडलेलं पाणी अजून यायचंय." मग कुरणातून उतरता उतरता त्याने मॉसडेलची हकीकत सांगितली. 24 जून 1967 ला इथून पूर्वेला, व्हार्फडेलच्या डोंगरात सहा तरुण मॉसडेल गुहेत होते आणि बाहेर पावसाने ओढा फुगला. सहाही जण गेले. त्यांना बाहेर आणणंसुद्धा शक्य झालं नाही, ते अजून त्या गुहेतच आहेत. हे सांगताना तो एकदाही मागे वळला नाही. त्यानंतर आमच्यापैकी कुणी आजच जाऊ म्हटलं नाही.

दुपारी बंकहाउसमध्ये सराव केला. लाकडी खुर्ची आडवी पाडायची आणि तिच्या पायांमधून पालथं सरपटत जायचं. इथले गुहावाले असाच सराव करतात. मी दोनदा गेले. नागपूरकरचे खांदे अडकले. तो उठून बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग कोल्हापूरकरने गुहेचा नकाशा टेबलावर पसरला आणि त्याला बोटाने दाखवलं की चीज प्रेस नावाच्या त्या अरुंद जागेला बगल देऊन जाणारी दुसरी वाट आहे. ओली आहे, पण आहे.

रविवार

आकाश स्वच्छ. तरी कोल्हापूरकरने दुपारपर्यंत थांबवलं. एक वाजता पुन्हा तोंडाशी आलो तेव्हा ओढा निवळशंख होता आणि कालच्या पाण्याची ओली रेघ दगडावर दोन हात वर दिसत होती. बंकहाउसमधून निघण्याआधीच कोल्हापूरकरने लीड्सला बायकोला फोन केला होता. कुठली गुहा, किती माणसं, कधी बाहेर येणार. साडेपाचपर्यंत आमचा फोन आला नाही तर वहिनींनी 999 ला फोन करून पोलीस मागायचे आणि त्यांना गुहा-बचाव पथक हवं म्हणून सांगायचं. त्या भागाचं पथक क्लॅपम गावात आहे, 1935 पासूनचं, अशा प्रकारचं जगातलं पहिलं. सगळे स्वयंसेवक. सुट्टीच्या दिवशी त्यांना घरातून उठवायची वेळ आणायची नाही, हे आमचं ठरलेलं होतं.

मी छातीच्या खिशात जीपीएस यंत्र ठेवलं होतं. गुहेच्या तोंडाशी त्याने बरोबर जागा दाखवली. दहा पावलं आत गेल्यावर एकेक करत उपग्रह गेले आणि पडद्यावरचा बाण गोल फिरायला लागला. इथून पुढे पेटी लपवणाऱ्याने लिहिलेल्या चार ओळी आणि नकाशा एवढंच हातात.

पाणी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, आणि इतकं गार की पहिली पाच मिनिटं पायाची हाडं दुखतात. मग पाय बधिर होतात आणि बरं वाटतं. भिंतींवर सगळीकडे शिंपल्यासारख्या छोट्या वाट्या कोरलेल्या. कोल्हापूरकरने माझा हात धरून एका वाटीवरून फिरवला. एक कड धारदार, दुसरीकडे सावकाश उतार. यावरून पाणी कुठून कुठे वाहतं ते कळतं, आणि वाट्या जितक्या लहान तितकं पाणी वेगाचं. मग त्याने टॉर्च वर मारला. छताच्या फटीत वाळलेलं गवत अडकलं होतं, आमच्या डोक्याच्या वर दोन फूट. पाणी कधीतरी तिथपर्यंत चढलं होतं. काल परत का फिरलो ते त्या गवताने जितकं समजलं तितकं कुणी सांगून समजलं नसतं.

पुढे वाट पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाते, प्रत्येक पायरीवर छोटा धबधबा. पाठ एका भिंतीला, पाय समोरच्या भिंतीला, असं उतरायचं. डबल शफल म्हणून एक डोह लागतो, त्यात उतरायचं नसेल तर दोन्ही कडांवर एकेक पाय ठेवून फाकत फाकत पुढे सरकायचं. बहीण भराभर गेली. माझ्या मांड्या थरथरत होत्या. नागपूरकर माझ्या मागे होता. माझा पाय घसरला की तो काही न बोलता बूट धरून कडेवर परत टेकवायचा. असं तीनदा झालं.

मग भुयार बुटकं होत गेलं आणि समोर आडवी फट आली. चीज प्रेस. चीज दाबायच्या यंत्रात वरखाली दोन फळ्या असतात, तशाच इथे दगडाच्या दोन थाळ्या, मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी जागा. हेल्मेट सरळ ठेवून जाता येत नाही, मान एका कुशीवर वळवावी लागते. आधी कोल्हापूरकर गेला. त्याचे बूट दिसेनासे झाले आणि मिनिटभराने पलीकडून "या की!" असा आवाज आला. बहीण गेली. नागपूरकर बगलेच्या वाटेने गेला, जाताना म्हणाला, "मी पलीकडे उभा राहतो, तू आरामात ये बे." आणि मी एकटी राहिले.

पालथी पडले, डावा हात पुढे, उजवा मागे, गाल दगडाला टेकलेला. बुटांच्या टोकांनी ढकलायचं, तर एका ढकलण्यात चार बोटं पुढे. निम्म्यापर्यंत गेले आणि छातीत काहीतरी रुतलं. पुढे होईना. मागे होऊ पाहिलं, तर ओव्हरसूट वर सरकून काखेत गोळा झाला आणि मागेही होईना. श्वास घेतला की पाठ वरच्या दगडाला लागायची, म्हणजे पुरा श्वासच घेता येत नव्हता. हृदयाचे ठोके खालच्या दगडातून परत कानात ऐकू येत होते. मी ओरडले नाही, कारण ओरडायला जेवढी हवा लागते तेवढी छातीत मावत नव्हती.

"ताई?" बहिणीचा आवाज. मी हूं म्हटलं.

"काय अडकलंय?"

"माहीत नाही. छातीपाशी."

मग कोल्हापूरकरचा आवाज, अगदी सावकाश, जेवायला वाढताना बोलतात तसा. "हलू नकोस. गडबड करायची न्हाई. डोळ्यासमोर काय दिसतंय ते सांग मला."

डोळ्यासमोर एक इंचावर दगड होता. टॉर्चचा उजेड त्यावर तिरका पडला होता, म्हणून त्यावरचा खडबडीतपणा ठळक दिसत होता. शर्टाच्या बटणाएवढ्या गोल चकत्या, प्रत्येकीच्या मध्ये बारीक भोक. काही सुट्या, काही एकावर एक रचलेल्या, पोतीतले मणी ओवल्यासारख्या. मी ते तसंच सांगितलं.

"क्रिनॉइड. समुद्रातला जीव. त्याच्या देठाचे तुकडे हायेत ते. तेहतीस कोटी वर्षं झाली. हितं उथळ, गरम समुद्र हुता तवा. मोज बघू किती हायेत."

मी मोजल्या. अकरा झाल्या तोवर श्वास खाली आला होता. मग त्याने विचारलं, "खिशात काय हाय?" आणि मला कळलं. जीपीएस यंत्र. उजवा हात कमरेपासून इंचाइंचाने वर आणला, चेन उघडली, यंत्र बाहेर काढून बाजूला सरकवलं. बोटं गारठून लाकडाची झाली होती, तेवढ्याला पाच मिनिटं लागली असतील. "आता सगळा श्वास सोड आणि ढकल." सोडला आणि ढकललं. वरचा दगड पाठीवरून खरडत गेला, आणि माझा डावा हात कुणीतरी धरला. तो नागपूरकरचा होता. बगलेच्या पाण्याने तो नखशिखांत भिजला होता, थंडीने त्याचे दात वाजत होते, पण फटीत खांद्यापर्यंत हात घालून तो तिथेच पालथा पडून होता. यंत्र काठीने ओढून बहिणीने बाहेर काढलं.

मी बसले आणि रडले. बहिणीने माझे दोन्ही हात आपल्या काखेत धरले. कुणी काही बोललं नाही. बरं केलं.

पेटी तिथून लांब नव्हती. नेमकी कुठे ते मी लिहिणार नाही, पुढच्या माणसाचा शोध हिरावून घ्यायचा नसतो. एवढंच सांगते की गवत अडकलेल्या रेघेच्या बरीच वर, हात वर करून चाचपावं लागतं अशा कपारीत होती आणि ती नागपूरकरला सापडली. सैन्यात गोळ्या ठेवायला वापरतात तशी हिरव्या पत्र्याची, झाकणाला रबराची पट्टी. झाकण उघडताना फस्स असा आवाज झाला. आत दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत वही, दोन पेन्सिली आणि एक खेळण्यातली मोटार. ओल्या कागदावर पेन चालत नाही, म्हणून पेन्सिली. शेवटची नोंद गेल्या शरदातली होती. मी चौघांची नावं देवनागरीत लिहिली. बोटं इतकी आखडली होती की जोडाक्षरं जमेनात, तेव्हा बहिणीने वही घेतली आणि पुरी केली. तिने खिशातून एक घुंगरू काढलं, शाळेत कथ्थक शिकायची तेव्हाच्या चाळातलं, पितळी, न गंजणारं. ते मोटारीशेजारी ठेवलं. आम्ही काही घेतलं नाही.

परतण्याआधी कोल्हापूरकरने अजून थोडं पुढे नेलं, दोर नसेल तर थांबायलाच हवं अशा जागेपर्यंत. तिथून पुढे कडा सुटतो आणि खालून अॅलम पॉट या उघड्या विवराचा उजेड वर येतो. दीडेक तास काळोखात काढल्यावर तो उजेड आधी डोळ्यांना कळलाच नाही. मग हळूहळू हिरवा वाटायला लागला, विवराच्या भिंतींवरच्या शेवाळाचा आणि नेच्यांचा हिरवा. 1847 मध्ये जॉन बर्कबेक आणि विल्यम मेटकाफ हे दोघं याच लाँग चर्नमधून अॅलम पॉटमध्ये उतरले. साधे दोर आणि मेणबत्त्या. माझ्या अंगावर शहरातून आणलेलं सगळं सामान होतं आणि तरी माझी ही अवस्था, तेव्हा त्या दोघांविषयी मला फार आदर वाटला.

येताना मी चीज प्रेसमधून आले नाही. बगलेच्या वाटेने, हनुवटीपर्यंत पाण्यात. नागपूरकर माझ्या पुढे होता.

चार पन्नासला बाहेर आलो. मेंढ्यांचा, गवताचा, उन्हाचा वास एकदम नाकात शिरला, आत कसलाच वास नसतो. सेलसाइडला फोनला रेंज नव्हती. ओल्या कपड्यांनी गाडीत बसून हॉर्टनच्या दिशेने निघालो, कोल्हापूरकर फोन काचेला धरून बसलेला. पाच बाराला दोन दांड्या आल्या. वहिनींनी पहिल्याच रिंगला उचलला. तो म्हणाला, "आलो सगळी." पलीकडून क्षणभर काहीच आवाज नाही. मग, "बरं. खाल्लंत का काही?"

पुऱ्यांचा डबा गाडीतच उघडला.

सोमवार

दोन्ही कोपरं, गुडघे आणि बरगड्या काळ्यानिळ्या. उठून बसायला कूस बदलावी लागली. निघण्याआधी पुन्हा सेलसाइडच्या कुरणात चढलो, अॅलम पॉट वरून बघायला. भोवती बांध आणि झाडं आहेत. आत वाकून बघितलं की साठ मीटरहून खोल गेलेल्या काळ्या भिंती, एका अंगाने कोसळणारं पाणी, आणि ते पोचतं तो तळ दिसतच नाही. बहिणीने बोटाने दाखवलं, "ताई, त्या पडलेल्या मोठ्या दगडाच्या वर बघ. आपण तिथे होतो." मला बराच वेळ सापडेना. मग ते भोक दिसलं, इथून तळहाताएवढं.

लीड्सला पोचल्यावर ओव्हरसूट अंगणात पाइपने धुतले. जीपीएस यंत्राच्या काचेवर आडवा ओरखडा आहे, पण ते चालतंय. कालची वाट उघडून बघितली. गाडी लावली तिथून गुहेच्या तोंडापर्यंत निळी रेघ, एक वाजून चार मिनिटांनी थांबलेली. पुढची चार वाजून पन्नास मिनिटांनी, त्याच ठिकाणाहून सुरू. मधलं काहीच नाही. मी ती तशीच जपून ठेवली आणि नागपूरकरला पाठवली. त्याचं लगेच उत्तर आलं. अप्पर लाँग चर्नमध्ये डॉक्टर बॅनिस्टर्स हँडबेसिन नावाचा धबधब्याचा डोह आहे, ऑगस्टात पाणी कमी असतं, तू येशील का?

मी हो लिहिलं.